सूज उतरताना

प्रिय बारक्या,

हे पत्र तुला विमानतळाबाहेर आपल्या मावसभावाकडून मिळेल. गाडीत बसलास की लगेच वाच, पोचल्यावर निवांत वाचतो असं करू नकोस. वाटेत तोंड बंद ठेव असा दम मी त्याला दिलाय. ते त्याला जन्मात जमलेलं नाही, तेव्हा तूच त्याच्याकडे दुर्लक्ष कर. सगळ्यात आधी हे ऐक, की तुझी ढबू शुद्धीत आहे, आईजवळ आहे आणि माझ्याच वॉर्डात आहे. जहाजावरच्या त्या तुटक फोनवर तुला एवढंच कळलं असेल की मुलीला सूज आलीय आणि ताई तिला उचलून हॉस्पिटलात घेऊन गेली. तुझं ओरडणं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. माझ्या घरात कुपोषण, ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का, असं म्हणालास आणि फोन गेला. तुझी बायको आता एकच धोशा लावून बसलीय, की तो येऊ दे, हिला इथे ठेवायचं की घरी न्यायचं ते तोच ठरवेल. म्हणजे गोष्ट तुझ्यावर येऊन थांबलीय. आणि मी तुला स्पष्टच सांगते, आत्ता तिला घरी नेलंस तर ती हाताला लागेल याची खात्री मी देणार नाही, आमचे मोठे डॉक्टरही देणार नाहीत.

डोकं ठिकाणावर आहे का, हे मी स्वतःलाही विचारून झालं. माझं अर्धं आयुष्य या वॉर्डात गेलं. मुलांना किती दूध द्यायचं, कधी द्यायचं, ते कधी बदलायचं, हे बघणं माझं काम. इथे येणारी मुलं कुठून येतात ते मला पाठ आहे. जिथे चूल एकदाच पेटते तिथून, जिथे पाठोपाठच्या भावंडाने अंगावरचं दूध तोडलं तिथून, जिथे आजाराने महिनाभर मूल झोपवलं तिथून. ज्या घरात फ्रिजचं दार उघडलं की दिव्याच्या उजेडात फळं चमकतात, त्या घरातून इथे कोणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. आपल्या घरातून कोणी येईल हे तर माझ्या स्वप्नातही नव्हतं. अजून सकाळी वॉर्डात शिरताना त्या पलंगाकडे नजर गेली की ही इथे काय करतेय, असं दर वेळी नव्याने वाटतं.

त्या दिवशी मी तुझ्याकडे गेले ती नवीन घर बघायला. तू जहाजावर गेल्यावर सामान लावायला कोणी नव्हतं, म्हणून सुट्टी काढून गेले. ढबू सोफ्यावर बसली होती. गाल असे वर आलेले, हातपाय गुबगुबीत, डोळे त्या गालांत बुडालेले. तू फोटो पाठवायचास आणि खाली लिहायचास, बघ आमचं पोतं. मीही हसून उत्तर द्यायचे. शेजारची बाई दारातूनच तिचा गालगुच्चा घेऊन गेली, म्हणाली, असं मूल हवं, खाऊन-पिऊन सुखी. केसही बदामी झाले होते आणि तुझ्या बायकोला ते फार आवडले होते. ती म्हणाली, ताई, बघा ना, परदेशातल्या मुलीसारखे दिसतात. मी तिला खेळायला बोलावलं, आली नाही. तिच्यासाठी आणलेली बाहुली मांडीवर ठेवली तर तिने ती तशीच राहू दिली, हातसुद्धा लावला नाही. हल्ली फार शहाणी झालीय, हट्ट म्हणून करत नाही, असं तिची आई कौतुकाने सांगत होती. तीन वर्षांचं मूल हट्ट करत नाही म्हटल्यावर मला तिथेच टोचायला हवं होतं. पण घरातल्या माणसाकडे आपण वॉर्डातल्या डोळ्यांनी बघत नाही रे.

माझी खोड तुला माहीत आहे. मोजे घालायला कुठल्याही मुलाचा पाय हातात आला की माझा अंगठा आपोआप पावलाच्या वरच्या बाजूला दाबला जातो. तू माझी थट्टा करायचास, ताई भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबते तसे पोरांचे पाय दाबते. तर तिला खाली फिरायला न्यायचं म्हणून मी मोजे घेतले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा दाबला. नेहमीसारखा दाबून ठेवला आणि काढला. तिथे खड्डा पडला होता. मी वाट पाहिली, खड्डा भरून आला नाही. दुसरा पाय घेतला, तिथेही तेच. मग मी तिचा फ्रॉक वर केला. मांड्यांच्या मागे कातडी काळी पडून सोलवटली होती, जुन्या भिंतीवरचा रंग सुटावा तशी. त्यावर नीट मलम लावलेलं होतं. केसांतून बोटं फिरवली तर चार केस माझ्या हातात आले आणि तिला ते कळलंही नाही. बारक्या, ही खूण मी नव्या परिचारिकांना शिकवते. दोन्ही पावलांवर खड्डा राहिला तर मूल कितीही गोल दिसू दे, त्याला सगळ्यात जास्त धोक्यातलं समजायचं. ती गोलाई मांसाची नसते, पाण्याची असते. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, आणि त्या क्षणी मी तोच पाय पुन्हा दाबून बघत होते.

तुझ्या बायकोला सांगितलं तेव्हा तिला आधी ती थट्टाच वाटली. मग ती चिडली. म्हणाली, ताई, तुम्हाला सगळीकडे उपाशीच मुलं दिसतात, तुमचा वॉर्ड माझ्या घरात आणू नका. मी वाद घातला नाही. माझा पाय पुढे केला, म्हटलं, दाब. तिने दाबला, खड्डा पडला नाही. म्हटलं, आता तुझा दाब. तिने स्वतःचा दाबला. म्हटलं, आता हिचा. तिने दाबला, अंगठा उचलला आणि ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल, भांडेल, तुला फोन लावेल. काहीच केलं नाही. उठली, चप्पल घातली, मुलीला कडेवर घेतलं आणि लिफ्टसमोर जाऊन उभी राहिली. दार उघडंच टाकलं होतं, ते मी ओढून घेतलं. रिक्षात तिने एकदाच विचारलं, पण ताई, हिचं वजन तर बरोबर होतं ना? गल्लीतल्या डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं होतं, म्हणाले होते छान आहे. पाण्यालाही वजन असतं.

इथे आल्यावर मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, मूल दिवसभरात काय खातं. तुझी बायको सांगायला लागली आणि मी बाजूला उभी राहून ऐकत गेले. अंगावर पुरळ आलं म्हणून आधी गाईचं दूध बंद केलं. पुरळ गेलं, मग पुन्हा आलं, म्हणून अंडं बंद. पुन्हा आलं, म्हणून शेंगदाणे. मग मासे, मग डाळी, मग गहू. हे कोणी सांगितलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, हिच्या बाबांनी पद्धत सांगितली होती. आणि मग तुझीच वाक्यं तिने तुझ्याच आवाजात म्हणून दाखवली. इंजिनात खडखड असेल तर एकेक भाग बाजूला काढायचा आणि इंजिन चालवून बघायचं. जो भाग काढल्यावर खडखड थांबेल तो भाग खराब. तू समुद्रावरून फोनवर विचारायचास, आता काय काढलं, थांबलं का. ती इमानेइतबारे पुढचा भाग काढायची. तुम्ही दोघांनी मिळून काळजीने, प्रेमाने, एकेक करून तिचं सगळं जेवण बाजूला काढून ठेवलंत. इंजिनाचे चांगले निघालेले भाग तू परत बसवतोस ना? इथे परत काहीच बसवलं नाही. आणि ते पुरळ, डॉक्टर म्हणाले, कोरड्या कातडीच्या मुलांना येतं तसलं आहे. आपल्या मनाने येतं, आपल्या मनाने जातं.

शेवटी ताटात काय उरलं होतं ऐकशील? भात, सफरचंद, आणि ते खोक्यातलं तांदळाचं पांढरं पेय. त्या पेयात वाईट काही नाही, मोठ्या माणसाने चहा-कॉफीत घालावं. पण तुम्ही ते दूध म्हणून बाटली भरभरून दिलंत. रंग दुधाचा, चव गोड, पोट टम्म. मूल मागत नाही म्हटल्यावर कोणाला शंका येणार? पोट भरत होतं, अंगाला मात्र काही लागत नव्हतं. अंग बांधायला लागतात ती प्रथिनं आहारातून आलीच नाहीत की शरीर स्वतःचं मांस मोडून खातं, आणि रक्तातलं पाणी जागेवर राहत नाही, ते कातडीखाली साचतं. तुम्ही दोघं ज्याला बाळसं समजत होतात ते हे पाणी होतं. मी हे रोज परक्या आयांना शांतपणे समजावते. तुझ्या बायकोला समजावताना माझा आवाज इतका कापला की आमची आयाबाई पाण्याचा पेला घेऊन आली. तो मी प्यावा की तुझ्या बायकोने, हे तिलाही कळेना.

तुझ्या बायकोला वाटलं, आता भरपूर खायला घातलं की झालं. ती पहिल्याच दिवशी फळांची पिशवी घेऊन आली. मी ती काढून घेतली तेव्हा ती माझ्यावर जाम उखडली. इतके दिवस खायला दिलं नाही म्हणता आणि आता देते तर हात धरता. पण अशा मुलाला एकदम पोटभर खायला घातलं तर त्याच्या हृदयाला ते झेपत नाही. इथे वाटीतल्या दुधाचासुद्धा हिशेब असतो. सुरुवातीचं दूध मुद्दाम सौम्य असतं, साखर, तेल, क्षार घालून बनवलेलं, थोडं थोडं, दिवसरात्र ठरल्या अंतराने. अंग सावरलं की मग दाट दूध, आणि मग शेंगदाण्याची ती पेस्ट, जिच्यात दूध पावडर, तेल, साखर आणि जे जे कमी पडलं ते सगळं कुटून भरलेलं असतं. बोटभर पाकीट, पण एका जेवणाचं काम करतं. तिच्या बाबतीत तर दूध द्यायलाच सगळे बिचकत होते. डॉक्टर औषधं उशाशी तयार ठेवून बसले आणि ओठांना एक थेंब लावला. मग अर्धा चमचा, मग चमचा. आम्ही सगळे तिच्या कातडीकडे बघत उभे. काही झालं नाही. शेंगदाण्यालाही असंच केलं, तेव्हाही काही नाही. तुझी बायको भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, म्हणजे ही हे सगळं आधीपासून खाऊ शकत होती?

शेजारच्या पलंगावर इस्त्रीवाल्याची बायको आहे, तिच्या जुळ्यांतली एक मुलगी घेऊन. पहिल्या दिवशी तिने तुझ्या बायकोची पर्स बघितली, चपला बघितल्या आणि सरळ विचारलं, तुमच्यात काय कमी होतं हो? तुझी बायको लाजेने लालबुंद झाली. तिने घरी शेजाऱ्यांना कावीळ झाल्याचं सांगितलंय, कुपोषण हा शब्द तिच्या जिभेवर येत नाही. आता त्या दोघींचं बरं जमलंय. एक आंघोळीला गेली की दुसरी दोन्ही मुलींना बघते. इस्त्रीवाली तिच्या पंजाबी ड्रेसच्या चुण्यांवरून तिला बोलणी ऐकवते, तुमच्या इस्त्रीवाल्याला कामावरून काढा म्हणते. तुझी बायको त्यावर हसलीसुद्धा. इतक्या दिवसांत तिचं हसू मी तेवढंच पाहिलं.

परवा एक गोष्ट झाली ती तुला सांगायलाच हवी. ढबूच्या हातात पहिल्यांदा पेस्टचं पाकीट दिलं. आमची रीत अशी की पाकीट कोपरा कापून मुलाच्या हातात द्यायचं आणि आपण मागे सरायचं, जबरदस्ती करायची नाही. तिने वास घेतला. जिभेच्या टोकाने चाटलं. आणि मग चटकन पाकीट पाठीमागे लपवून आईकडे बघितलं. आई आता ते ओढून घेणार, तोंडात बोट घालून घास काढणार, अशी तिची खात्रीच होती. घरी तसंच व्हायचं ना. कोणाच्या वाढदिवसाला तिने काही उचललं की सगळे धावत सुटायचे. तुझी बायको हलली नाही. मग हळूच म्हणाली, खा बाळा, ते तुझंच आहे. ढबूने थोडा वेळ आईचा चेहरा निरखला, तिला खरं वाटलं तेव्हाच पाकीट पुढे आणलं. आणि चोखायला लागली. मी औषधाच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि मोठ्याने रडले, तुला खोटं कशाला सांगू.

आता पत्र लिहायला का बसले ते सांगते, आणि हे दोनदा वाच. सूज उतरली आहे. पाणी निघून गेलं, आणि त्या पाण्याखाली आपली ढबू किती उरली होती ते आम्हाला आता दिसतंय. बारक्या, फार थोडी उरली होती. वजन आधीपेक्षा बरंच उतरलंय, बरगड्या मोजता येतात, दंड माझ्या दोन बोटांच्या कडीत मावतो, चेहरा एखाद्या म्हातारीसारखा झालाय. हे वाईट नाही, बरं होण्याची वाट इथूनच जाते, यानंतरच ती खरीखुरी भरायला लागेल. हे मला कळतं आणि तरीही माझे डोळे पांढरे होतात. काल तुझ्या सासूबाई आल्या. कोणी सांगायच्या आत दारातच त्यांनी कपाळावर हात मारला आणि हे काय करून ठेवलंत माझ्या पोरीचं म्हणून हंबरडा फोडला. ढबूने त्यांच्याकडे बघितलं, हातातली वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर दिवसभर तिने ओठ उघडले नाहीत. शेवटी नाकातून नळी घालावी लागली, ती अजून आहे, तीही तुला दिसेल. नळी घालताना तुझ्या बायकोनेच तिचे हात धरले होते, तेव्हा तिला एका शब्दानेही बोलायचं नाही. आज सकाळी ढबूने पुन्हा दोन घोट घेतले, पण घेण्याआधी आमच्या प्रत्येकीचा चेहरा वाचला. ती चेहऱ्यांवरून ठरवते आहे, की आपण अजून आपणच आहोत की नाही, आणि खायचं की नाही. तुझा चेहरा काही लपवत नाही, लहानपणापासून नाही. म्हणून हे सगळं मी दारात न सांगता गाडीत सांगितलं. जे काही व्हायचं ते तिथेच होऊ दे. रड, मावसभावाला गाडी बाजूला घ्यायला सांग, मला शिव्या घाल. मग तोंड धू आणि वर ये. दारात थबकू नकोस आणि कोणाला काही विचारू नकोस. गोल गालांची मुलगी शोधू नकोस, तशी तिथे कोणी नाही. खिडकीपासून तिसऱ्या पलंगावर, नाकात नळी असलेली, दाराकडे बघत बसलेली जी हाडकुळी मुलगी दिसेल, ती तुझी आहे. तिला ओळख.

तुझीच,
ताई